सुनेच्या खात्यात येणारे नातवाचे डॉलर

पत्र जरा लांब होतं, थोडक्यात देतेय:

"मुलगा-सून कॅनडात ब्रॅम्प्टनला असतात. मुलगा २०१९ ला स्टुडंट म्हणून गेला, मग वर्क परमिट, २०२४ च्या सुरुवातीला पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मिळालं. नातू तिथलाच, नोव्हेंबर २०२२ चा. पीआर झाल्यावर अर्ज केला तेव्हापासून तिथलं सरकार नातवासाठी दर महिन्याला पैसे देतं. गेल्या जूनपर्यंत ५१२ डॉलर यायचे, जुलैपासून ३८८ च येतात. मुलाचा पगार साठ हजार, तो आहे तेवढाच आहे. सून जानेवारी २०२४ ला नोकरीला लागली होती, वर्षाला तीस हजार, पण दिवाळीपासून तीही घरी आहे, तरी पैसे वाढले नाहीत. सुभानपुऱ्यातल्या माझ्या मैत्रिणीची मुलगी कॅलगरीला आहे, जावयाचा पगार साठच, तिला ९७५ मिळतात! आणि हे पैसे सुनेच्या खात्यात का, मुलाच्या का नाही? आता असं चाललंय की डे-केअर परवडत नाही तर नातवाला वर्षभर माझ्याकडे बडोद्याला आणायचं, म्हणजे सून निवांत नोकरी शोधेल. पैसे चालू राहतील ना? न सांगता आणलं तर तिथे कोणाला कळणार आहे? — कारेलीबागची एक आजी"

काकू, शेवटची ओळ तुम्ही अगदी हळूच लिहिलीये पण मी सगळ्यात आधी तीच वाचली. तिच्याकडे येते, पण आधी हिशोब, कारण पत्रभर जो राग आहे ना तो अर्धा हिशोब न कळल्यामुळेच आहे, आणि त्यात तुमचा दोष नाही, मुलं फोनवर "आई ते असंच असतं" म्हणून विषय बदलतात. मी अलकापुरीच्या ज्या ऑफिसात बसते तिथे दिवसभर कॅनडाचेच टॅक्स रिटर्न भरले जातात, मार्च-एप्रिलला आम्हाला जेवायला फुरसत नसते, त्यामुळे ही भानगड मला तोंडपाठ आहे.

या पैशाचं नाव कॅनडा चाइल्ड बेनिफिट, सगळे सीसीबी म्हणतात. २०१६ च्या जुलैपासून सुरू झालं. त्याच्या आधी एक होतं ज्यात सहा वर्षांखालच्या मुलाला १६० आणि मोठ्याला ६० डॉलर महिना असं श्रीमंत-गरीब न बघता सगळ्यांना सरसकट मिळायचं, वर त्यावर टॅक्सही लागायचा. तुमच्या ओळखीत कोणी पंधरा-वीस वर्षांपूर्वी गेलेले असतील आणि "आम्हाला तर सगळ्यांना सारखेच मिळायचे" म्हणत असतील तर ते ह्या जुन्या पैशाबद्दल बोलतायत. आताचं तसं नाही. आता घराचं इन्कम बघून देतात, आणि जे मिळतं त्यावर टॅक्स शून्य. पैसे देतं कोण तर सीआरए, म्हणजे तिथलं इन्कम टॅक्स खातंच. दर महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास खात्यात पडतात.

आता आकडे. त्यांचं वर्ष जुलै ते जून असतं. जुलै २०२५ ते जून २०२६ साठी सहा वर्षांखालच्या एका मुलाला जास्तीत जास्त ७,९९७ डॉलर वर्षाला, म्हणजे महिना ६६६ आणि वर काही सेंट, आणि सहा ते सतरा वर्षांच्या मुलाला ६,७४८, म्हणजे महिना ५६२. पण हे पूर्ण कोणाला, तर ज्या घराचं इन्कम ३७,४८७ डॉलरच्या आत आहे त्यांना. त्याच्या वर गेलात की कापायला सुरुवात. एक मूल असेल तर ३७,४८७ च्या वरच्या दर शंभर डॉलरमागे सात डॉलर कमी करत जातात, ते ८१,२२२ पर्यंत, आणि त्याच्याही वर गेलात की शंभरामागे तीन डॉलर वीस सेंट. म्हणजे आपल्याकडे कसं, गुजरात सरकारच्या व्हाली दीकरी योजनेला घराचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुलीला पैसे, दोन लाख एक रुपया झाला की हातात काहीच नाही, तसं तिथे एकदम तोडत नाहीत, हळूहळू उतरवत नेतात. मला स्वतःला हीच पद्धत बरी वाटते, आपल्याकडे दाखल्यावर उत्पन्न कमी लिहून घ्यायला लोक तलाठ्याच्या मागे का लागतात ते तुम्हाला माहितीच आहे.

आता तुमच्या घराला लावून बघा. इथे महत्त्वाची गोष्ट ही की ते मुलाचा पगार बघत नाहीत, नवरा-बायको दोघांचं मिळून बघतात, आणि तेही चालू वर्षाचं नाही, मागच्या कॅलेंडर वर्षाचं. जुलै २०२४ पासून जे ५१२ येत होते ते २०२३ च्या इन्कमवर होते, तेव्हा सून कमवत नव्हती, घराचे साठ हजारच, आणि तेव्हाचे कोष्टकही थोडं खालचं होतं, दरवर्षी महागाईप्रमाणे ते वाढवतात. जुलै २०२५ ला त्यांनी २०२४ चं रिटर्न काढलं, त्यात साठ अधिक तीस, नव्वद हजार. आता कापा: ८१,२२२ पर्यंतचे सात टक्क्यांनी ३,०६१, त्याच्या वरचे ८,७७८ त्यांचे ३.२ टक्क्यांनी २८१, असे ३,३४२ डॉलर गेले. ७,९९७ मधून ते वजा केले की उरले ४,६५५, भागिले बारा, ३८८. एक डॉलर इकडचा तिकडे नाही.

म्हणजे सून नोकरीला लागली म्हणून पैसे कमी झाले हे खरं आहे, पण काकू हे वाक्य तुम्ही तिला फोनवर ऐकवलं असेल तर (ऐकवलं असणार, पत्राचा सूर बघून म्हणते) दुसरी बाजूपण बघा की तिने तीस हजार आणले आणि त्यापायी सरकारने वर्षाचे अठराशेसुद्धा नाही कापले. यात तोटा कुठे आहे?

आणि दिवाळीपासून घरी आहे तरी वाढले का नाहीत त्याचंही उत्तर यातच आहे. दिवाळी २०२५ ला गेलेली नोकरी जून २०२६ पर्यंतच्या पैशात दिसणारच नाही कारण तो हिशोब २०२४ वर बंद झालाय. जुलै २०२६ ला २०२५ चं इन्कम घेतील, त्यातपण तिचे नऊ-दहा महिन्यांचे पगार आहेत, वर नोकरी गेल्यावर तिकडे जो बेकारीचा विमा मिळतो, ईआय म्हणतात, तोही इन्कम म्हणूनच धरतात. तेव्हा येत्या जुलैलाही फार उड्या मारू नका. २०२६ चं वर्षभर ती घरीच राहिली तरच जुलै २०२७ ला आकडा नीट वर जाईल. हे उशिराचं गणित लोकांना फार छळतं, नोकरी गेलेल्या वर्षी पैसे कमी आणि नवी लागली की जास्त, पण पद्धत ती आहे.

कॅलगरीवाल्यांचं काय ते सांगते, नाहीतर तुम्हाला झोप लागायची नाही. तुम्ही लिहिलं नाहीये पण तिला दोन मुलं असणार, एक सहाच्या आतलं आणि एक वरचं, कारण साठ हजारावर ९७५ बरोबर तसेच येतात. दोघांचे मिळून पूर्ण १४,७४५, आणि दोन मुलं असली की कापतात पण जास्त दराने, शंभरामागे साडेतेरा. ते ३,०३९ वजा झाले की ११,७०६, महिना ९७५. तुमच्या मुलाचं घरसुद्धा साठ हजारावर असतं तर एका मुलाचे ५३५ आले असते, म्हणजे दोन मुलांना डबल मिळत नाहीत हेपण बघून ठेवा. आणि तिच्या धाकट्याला सहा पूर्ण झाले की पुढच्या महिन्यापासून तिचे एकशेचार डॉलर कमी होणार आहेत, तेव्हा तुलना आत्ताच सोडून दिलेली बरी. राज्यांचे आपापले पैसे वेगळे असतात, ऑन्टारिओचे, म्हणजे ब्रॅम्प्टन ज्या राज्यात आहे त्याचे, तर ह्याच्यातच मिसळून येतात, पण ते कमी इन्कमवाल्यांना, तुमच्या मुलाच्या घरापर्यंत ते पोचत नाहीत.

आकडा वाढवायचा सरळ मार्ग एकच, तो म्हणजे रिटर्नमध्ये ज्या वजावटी आहेत त्या सोडायच्या नाहीत. ते पगार धरत नाहीत, नेट इन्कम धरतात, रिटर्नची लाइन २३६००. सून नोकरीला होती तेव्हा नातू डे-केअरला जात असेल तर त्याच्या फीची वजावट मिळते, सात वर्षांखालच्या मुलाला वर्षाला ८,००० डॉलरपर्यंत, आणि ती साधारणपणे ज्याचं इन्कम कमी त्याच्या रिटर्नमध्ये घ्यायची असते, म्हणजे सुनेच्या. २०२४ ला घेतली का विचारा. राहिली असेल तर रिटर्न सुधारता येतं, सीसीबी परत मोजतात आणि फरक देतात. आरआरएसपी, म्हणजे तिथली निवृत्तीसाठीची बचत, त्यामध्ये पैसे टाकले तरी नेट इन्कम उतरतं. तुमच्या मुलाच्या पातळीला यातून फार नाही, आठ हजाराच्या वजावटीला सीसीबीचे अडीचशे वाढतील, पण टॅक्सही वाचतो ना.

उलट बाजूपण सांगायला हवी, बडोद्यात हे कोणी कोणाला सांगत नाही. ते जगभरचं इन्कम धरतात. इथे गोत्रीला एखादा फ्लॅट मुलाच्या नावावर भाड्याने दिलाय, बँकेत एफडीचं व्याज चढतंय, तर ते तिथल्या रिटर्नमध्ये दाखवायला लागतं आणि सीसीबीत मोजलं जातं. तुमची पेन्शन, तुमचं घर, लॉकरातलं सोनं ह्याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, मालमत्ता ते बघतच नाहीत, फक्त त्या दोघांचं इन्कम.

सुनेच्या खात्यात का. काकू, हा पैसा मुलाचा पगार नाहीये आणि बक्षीसही नाहीये. नियम असा की जो मुलाबरोबर राहतो आणि रोजचं त्याचं बघतो, खाणंपिणं, डॉक्टर, कोणाकडे ठेवायचं त्याची सोय, त्याला पैसे, आणि एका मुलाचे पैसे एकालाच. आई-बाप एका घरात राहत असतील तर हा माणूस म्हणजे आईच असं ते धरूनच चालतात. बापाच्या नावावर हवे असतील तर आईने सही करून लिहून द्यावं लागतं की मुलाचं मुख्यतः हाच बघतो. सुनेकडून असं लिहून घ्यायचा विचार मनात आला असेल तर तो मनातच राहू द्या, कारण रक्कम तेवढीच राहणार, एक सेंट वाढणार नाही, फक्त घरात बोलाचाली बंद होईल. कामाची गोष्ट वेगळी आहे, दोघांनाही दरवर्षी ३० एप्रिलच्या आत रिटर्न भरायला लागतं, ज्याला एक पैशाचं इन्कम नाही त्यालासुद्धा. "बायकोला पगारच नव्हता म्हणून तिचं नाही भरलं" आणि जुलैला पैसे बंद, अशी केस आमच्याकडे दर उन्हाळ्यात येते.

आता ती हळूच लिहिलेली ओळ.

नातू वर्षभर कारेलीबागला राहिला तर तो सुनेबरोबर राहत नाही. त्याला सकाळी उठवणाऱ्या, ताप आला तर डॉक्टरकडे नेणाऱ्या तुम्ही. मग ज्या एका अटीवर ते पैसे येतात तीच राहत नाही, आणि सीआरएला कळवणं सुनेवर बंधनकारक आहे. सुट्टीत आई-बाबांबरोबर आला, नवरात्र बघून परत गेला, ते वेगळं, त्याला कोणी काही म्हणत नाही. इथे मुक्कामच हलतोय. तुम्हालाही मिळणार नाहीत, कारण ज्याला पैसे द्यायचे तो टॅक्सच्या हिशोबाने कॅनडाचा रहिवासी लागतो.

आणि कोणाला कळणार म्हणता. सीआरए अधूनमधून पत्र पाठवते, सगळ्यांना नाही, पण ज्याला येतं त्याला येतं. त्यात कागद मागतात: मूल तुमच्याकडेच राहतं हे दाखवणारं शाळेचं किंवा डे-केअरचं पत्र, डॉक्टरचं पत्र, घरमालकाचं. मुलगा बडोद्यात बालमंदिरात जातोय तर ब्रॅम्प्टनचं पत्र आणणार कुठून? कागद नाही दिले की पैसे बंद आणि मागचे सगळे परत. ते हप्त्याने कापतात, पुढच्या सीसीबीतून, टॅक्सच्या रिफंडमधून, जीएसटी क्रेडिटमधून, फिटेपर्यंत. वर्षाचे साडेचार हजार म्हणजे सुनेला लागलीच नोकरी तरी पहिल्या जवळजवळ दोन महिन्यांचा पगार त्यातच गेला. आणि पीआरवर असलेल्या माणसाने सरकारी खात्याला खोटं सांगायचं, कशासाठी, ३८८ साठी? मी तर घरच्या माणसाला हे करू देणार नाही.

पण खरं सांगू, मला आणायचंच कारण पटत नाहीये. नातू नोव्हेंबर २०२२ चा. ऑन्टारिओत ज्या वर्षी मूल चार वर्षांचं होतं त्या वर्षीच्या सप्टेंबरला सरकारी शाळेत ज्युनिअर केजीला घेतात, दिवसभराची शाळा, फी काही नाही. म्हणजे तो सप्टेंबर २०२६ ला बसतोय! वर्षभर इथे आणलंत तर नेमकी तीच फुकट शाळा चुकली. नाव नोंदवणं आधीच्या हिवाळ्यातच सुरू होतं, मुलाला आज रात्रीच विचारा नोंदवलंय का. मधल्या पाच-सहा महिन्यांचा प्रश्न आहे फक्त. त्याला डे-केअर, तर तिथे सरकारी योजनेत असलेल्या डे-केअरमध्ये सहा वर्षांखालच्या मुलाची फी जानेवारी २०२५ पासून दिवसाला जास्तीत जास्त २२ डॉलर आहे, आणि त्यांच्या भागाचं जे प्रशासन आहे, पील रीजन, त्याच्याकडे इन्कम बघून फीला मदतही मिळते, एकाचीच कमाई असताना अर्ज करून बघायला काय जातं. जागा लवकर मिळत नाही हे खरं, वेटिंग असतं.

नाहीतर तुम्हीच जा ना. पीआर किंवा सिटिझन असलेल्यांच्या आई-वडिलांना सुपर व्हिसा मिळतो, एकदा गेलात की पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मेडिकल इन्शुरन्स काढायला लागतो, निदान एक लाख डॉलरचा, तो तुमच्या वयाला स्वस्त नाही, आणि मुलाचं इन्कम एका ठरावीक आकड्याच्या वर लागतं, तेवढं बघून घ्या. नातू आईजवळ, तुम्ही नातवाजवळ, सीसीबी जसं येतंय तसं येत राहील, सून नोकरीच्या इंटरव्ह्यूला मोकळी. थंडी आहे, पण शेवचिवडा आणि लिंबाचं लोणचं पॅक करायचं तुम्हाला मी सांगायला नको. दोन बायकांचं एका स्वयंपाकघरात जमेल का तो मात्र सीआरएचा विषय नाही.

एक शेवटचं, आणि हे पत्र वाचताना मी खुर्चीत सरळ बसले ते ह्याच्यासाठी. तुम्ही लिहिलंय पैसे पीआर झाल्यापासून सुरू झाले. का? सीसीबीला पीआरच लागतं असं नाही. आई-बापांपैकी एक जण टेम्पररी असला, स्टुडंट परमिट किंवा वर्क परमिट, आणि सलग अठरा महिने कॅनडात राहून एकोणिसाव्या महिन्यात परमिट चालू असेल तरी चालतं. तुमचा मुलगा २०१९ चा. नातू झाला तेव्हा अठरा महिने केव्हाच होऊन गेले होते, मध्ये परमिट तुटलं नसेल तर. म्हणजे नोव्हेंबर २०२२ नंतरचे एक वर्षाच्या वरचे पैसे त्यांनी मागितलेच नाहीत असं दिसतंय, बहुतेक जन्म नोंदवताना "आपल्याला कुठे पीआर आहे" म्हणून तो रकाना तसाच सोडला असेल, खूप जण सोडतात. मागचे मागता येतात. अकरा महिन्यांच्या पलीकडचे मागायचे तर पुरावे जोडायला लागतात, सीआरए दहा वर्षांपर्यंत मागे जाऊ शकते. आरसी६६ नावाचा फॉर्म, त्याच्यासोबत स्टेटस आणि इन्कम सांगणारी पुरवणी, नातवाचा जन्मदाखला, तेव्हाची परमिटं आणि पासपोर्टची पानं, घराचं भाडेपत्र, डॉक्टरकडचे लसीकरणाचे कागद, आणि २०२१, २०२२ ची रिटर्न दोघांची भरलेली असायला हवीत, नसतील तर आधी ती भरायची. अर्ज सुनेच्या नावाने करायचा, आणि आले तर ते पैसेही तिच्याच खात्यात येतील.